कॅटलॉगच्या कार्डावर विशेषणं नसतात

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि आपण

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २५ वर्षांची आहे. घर निफाड तालुक्यात, बाबांची द्राक्षबाग आहे. एम.लिब. करून पाच महिन्यांपूर्वी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल म्हणून लागले. करार अकरा महिन्यांचा. मुख्य ग्रंथपाल सर संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजचंही बघतात, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस लायब्ररीत मी आणि शिपाई काका, दोघंच असतो.

मैत्रिणी म्हणाल्या म्हणून व्यावसायिक ओळखींच्या एका संकेतस्थळावर प्रोफाइल उघडलं. तेव्हापासून मन दोन्हीकडे ओढलं जातंय. तिथे रोज कुणीतरी 'कळवताना अत्यंत आनंद होतो' म्हणत नवी नोकरी, नवं प्रमाणपत्र, नवा पुरस्कार टाकतं. सगळं इंग्रजीत. मी दिवसभर पुस्तकांना बारकोड चिकटवते, मी काय टाकणार? स्वतःला 'पॅशनेट', 'डायनॅमिक' म्हणवून घ्यायची लाज वाटते, आणि नाही लिहिलं तर आपणच मागे पडतोय असं वाटतं. बाबा म्हणतात, "माल विकायचा तर पेटी उघडून दाखवावी लागते, त्यात लाज कसली?"

त्यात एक घोळ झाला. नाव नोंदवताना घाईत 'पुढे, पुढे' करत गेले आणि फोनमधल्या सगळ्यांना 'माझ्याशी जोडून घ्या' असं आमंत्रण गेलं. बागेची औषधं देणारे दुकानदार, गावातले डॉक्टर आणि आमच्या संस्थेचे एक विश्वस्तसुद्धा. त्यांनी ऑफिसात विचारलं, "नव्या मॅडम एवढ्यातच दुसरी नोकरी शोधतायत का?" लाजेने दोन दिवस मान वर करवली नाही.

प्राचार्य म्हणतात, तिथे लायब्ररीच्या पोस्ट टाकत जा. 'महिन्याचा वाचक' म्हणून मुलांचे फोटो आणि त्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादी टाक. हे बरोबर आहे का? शिवाय 'आठ दिवसांत शोधनिबंध छापून देतो, पैसे भरा' असे निरोप येतात ते वेगळेच.

पण एक चांगलंही घडलं. संस्थेला देणगीत आलेल्या सुमारे २,००० जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी मी कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीमध्ये घेत होते, तर अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तिथे विचारलं, तर सांगलीच्या एका ग्रंथपालांनी सविस्तर उत्तर दिलं. मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही. म्हणून बंद करवत नाही. ठेवू की काढून टाकू?

एक नवी ग्रंथपाल, नाशिक


उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. 'लाज' तीनदा आलीय, सांगलीचे ग्रंथपाल एकदाच, तेही शेवटी. मी त्यांच्याकडे शेवटीच येणार आहे, पण अख्खं पत्रभर ते माझ्या डोळ्यासमोर आहेत हे लक्षात ठेव.

आधी तो आमंत्रणांचा घोळ निस्तरू. सेटिंग्जमध्ये जा, फोनमधले संपर्क जोडण्याची परवानगी बंद कर, आधी उचलले गेलेले संपर्क काढून टाक आणि ज्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही त्यांची आमंत्रणं मागे घे. अर्ध्या तासाचं काम आहे. मग विश्वस्तांना भेटून एक वाक्य सांग : "सर, नाव नोंदवताना चुकून सगळ्यांना आमंत्रण गेलं." पुढे स्पष्टीकरणं देऊ नकोस. अकरा महिन्यांच्या करारावर ज्याला ठेवलंय त्याने बाराव्या महिन्याचा विचार केला तर त्यात गैर काही नाही. पण आज तू तो विचार केलेला नाहीस, मग न केलेल्या गोष्टीची माफी कशाला?

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे. स्वतःबद्दल लिहायचं कसं?

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं कार्डांची. पाच बाय तीन इंचांचं पांढरं कार्ड, खाली मधोमध एक भोक, त्या भोकातून ड्रॉवरची सळई जायची, म्हणजे वाचकाने चाळताना कार्ड निघून हातात येऊ नये. वर कोपऱ्यात वर्गांक. मग लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, नाव. शीर्षक. कितवी आवृत्ती. कुठे छापलं, कुणी, कोणत्या साली. पानं किती. उंची सेंटिमीटरमध्ये. मागे दाखल क्रमांक. अशी हजारो कार्डं मी हाताने लिहिली आणि त्यातल्या एकाही कार्डावर 'उत्कृष्ट' असं लिहिलं नाही. 'अवश्य वाचा' असंही नाही. पुस्तक उत्कृष्ट आहे की नाही ते वाचक ठरवणार. कार्डाने त्याला नेमक्या कपाटाच्या नेमक्या फळीपर्यंत न्यायचं, एवढंच.

तुला 'पॅशनेट' लिहिताना लाज वाटली ती मला योग्यच वाटते. तू तालिकाकार, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणारी आहेस, तुझ्या हाताला विशेषणाची सवय नाही. तेव्हा प्रोफाइलला जाहिरात समजू नकोस, कार्ड समज. आणि कार्ड लिहायला तुला कुणी शिकवायची गरज नाही. मी असं लिहीन :

'सहायक ग्रंथपाल, अभियांत्रिकी महाविद्यालय, नाशिक. कोहा. देवनागरी ग्रंथनोंदी. सुमारे २,००० मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणण्याचं काम चालू.'

'चालू' हा शब्द गाळू नकोस. काम पुरं होईल तेव्हा तिथे वर्ष टाक.

नावाचंही कार्डासारखंच. पदवीच्या प्रमाणपत्रावर जसं नाव आहे तसंच सगळीकडे ठेव. आपल्याकडे मुलींचं आडनाव लग्नानंतर बदलतं आणि मग आधीचे निबंध एका नावावर, नंतरचे दुसऱ्या. अशा लेखिकांसाठी आम्ही 'पहा' कार्ड करायचो, जुन्या नावाच्या जागी ठेवलेलं, नव्या नावाकडे बोट दाखवणारं. निबंध लिहिणाऱ्या माणसांसाठी आता ऑर्किड (ORCID) नावाचा ओळख क्रमांक मिळतो. २०१२ पासून ती सोय आहे, फुकट आहे, नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. तो काढून घे आणि प्रोफाइलवर टाक. पुढे पीएच.डी. करशील तेव्हा उपयोगी पडेल.

बाबांचं म्हणणं मला आवडलं. पेटी उघडल्याशिवाय गिऱ्हाईक कसं येणार? पण बाबांनाच पुढचं विचार : व्यापारी तुमच्या बागेत येतो तेव्हा वाटेवरच्या वेली बघून भाव बोलतो का? आत शिरतो, मधल्या ओळीतला घड तळहातावर घेतो, दोन मणी तोंडात टाकतो, मग बोलतो. माणूस घेणाराही तेच करतो. मी निवड समितीत बसलेली आहे. उमेदवाराने कागदावर दहा संगणक प्रणालींची नावं लिहिली की आम्ही एकीबद्दलच विचारायचो आणि विचारतच राहायचो. तुला जर कुणी विचारलं, 'युनिकोडचं काय काम केलंत?' तर तू पाऊण तास बोलशील. मग भीती कशाची?

हेही स्वच्छ सांगते, की आपल्याकडे अनुदानित महाविद्यालयातली ग्रंथपालाची जागा या संकेतस्थळांवरून भरत नाहीत. तिला वर्तमानपत्रात जाहिरात लागते, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, विद्यापीठाची आणि शासनाची रीत लागते. खासगी विद्यापीठं, कंपन्यांची माहिती केंद्रं, प्रकाशनसंस्था, नियतकालिकांची डेटाबेस विकणाऱ्या कंपन्या इथे मात्र या ओळखींचा उपयोग होतो. म्हणजे तुझा खरा रस्ता अनुदानित जागेचा असेल तर सेटच्या अभ्यासाचा एक तास त्या संकेतस्थळाला देऊ नकोस.

आता ही संकेतस्थळं चालतात कशी ते बघ. लिंक्डइन हे त्यातलं सगळ्यांत मोठं. ते २००३ साली सुरू झालं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतलं. आपल्यासारख्यांकडून त्यात पैसे घेत नाहीत, मग एवढी किंमत कसली? नोकरभरती करणारे पैसे भरतात, जाहिरातदार भरतात, काही सदस्य वर्गणी भरतात. आपल्या वाचनालयात सभासद वर्गणी भरतो आणि पुस्तकं वाचतो. तिथे मोठी वर्गणी भरतात ते आपल्याला वाचायला आलेले असतात. हे कळलं की तुला रोज तिथे ओढून नेणारे ते लाल ठिपके आणि 'तुमचं प्रोफाइल कुणीतरी पाहिलं' ही सूचना कशासाठी आहे तेही कळतं. आणि सुरक्षिततेचं म्हणशील तर २०१२ मध्ये याच संकेतस्थळावरून पासवर्ड चोरीला गेले होते. सुरुवातीला आकडा ६५ लाखांच्या आसपास सांगितला गेला, २०१६ मध्ये कळलं की तो ११ कोटींच्या पुढे आहे. तेव्हा तिथला पासवर्ड बँकेला किंवा कोहाला वापरू नकोस. जन्मतारीख आणि फोन नंबर कुणाला दिसू नये अशी व्यवस्था कर. तुझ्या ओळखींची यादी फक्त तुलाच दिसेल असंही करता येतं. 'नोकरी शोधतेय' अशी हिरवी कड फोटोभोवती लावतात, ती तू लावू नकोस. ती विश्वस्तांनाही दिसेल.

पण मग एवढं सगळं असताना ठेवायचं कशाला?

माझी एक गोष्ट सांगते. मी नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल. इतिहासाचा एक विद्यार्थी आला, त्याला मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा खानदेशचा खंड हवा होता. बारावा खंड, १८८० चा. भिल्लांच्या वस्त्यांवर त्याचं काम होतं. आमच्याकडे नाशिकचा सोळावा खंड होता, १८८३ चा, खानदेशचा नव्हता. त्या काळात 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आदल्या वर्षी ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात चहाच्या रांगेत माझ्यापुढे धुळ्याचे एक ग्रंथपाल उभे होते. पाच-सात मिनिटं बोललो असू, तेही वाळवीवर. त्यांच्या जुन्या कपाटांना वाळवी लागली होती आणि आमच्याही. मी त्यांचा पत्ता वहीत लिहून घेतला होता. त्यांना पोस्टकार्ड टाकलं. आठव्या दिवशी उत्तर आलं : खंड आहे, बाहेर देता येत नाही, हवी ती पानं कळवा. पंधराव्या दिवशी सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, धुळ्याच्या एस.टी.तून पार्सल उतरलं. ४२ पानांच्या झेरॉक्स, वर पुठ्ठा लावलेला, दोरीने नीट बांधलेला, आणि पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहिलेलं : 'पृ. ८१ फाटलेले, मजकूर हाताने उतरवला आहे.' तो हाताने उतरवलेला कागद मी त्या विद्यार्थ्याला दिला नाही. त्याला त्याची झेरॉक्स दिली. मूळ कागद अजून माझ्याकडे आहे.

माझ्या जवळच्या मैत्रिणींपैकी कुणीही मला तो खंड मिळवून देऊ शकलं नसतं. त्या सगळ्या नाशिकच्याच, मला ठाऊक तेवढंच त्यांना ठाऊक. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्याने विचारलं, की ज्याने तुम्हाला खबर दिली त्याला तुम्ही त्या काळात कितीदा भेटत होतात? वारंवार भेटत होतो म्हणणारे शंभरात १७ च्या आसपास निघाले. बाकीच्यांना खबर दिली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. जवळची माणसं आपल्याच वर्तुळातली असतात, बाहेरची बातमी लांबचा माणूस आणतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला, त्यात थोडी बारीक दुरुस्ती झाली : अगदी अनोळखी नाही आणि अगदी जवळचाही नाही, अशा मधल्या अंतरावरच्या ओळखींतून नोकरी बदलण्याची शक्यता सर्वांत जास्त.

मात्र तो अभ्यास झाला कसा तेही बघ. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून जी नावं सुचवली जातात, ती वेगवेगळ्या सदस्यांना वेगवेगळ्या पद्धतीने दाखवून पाच वर्षं हे प्रयोग चालले. आपल्यावर प्रयोग चाललाय हे त्या माणसांना त्या वेळी माहीत नव्हतं. निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो म्हणून मी तो सांगितला, पण ती पद्धत मला पटलेली नाही. तुझं मन दोन्हीकडे ओढलं जातंय ना? माझंही जातं. म्हणून सुचवलेली नावं दाबत बसू नकोस. चहाच्या रांगेत कोण पुढे उभं राहावं हे आपलं आपण ठरवावं.

तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मला दिसलं ते लिहिते. तू तिथे एकटी आहेस. भौतिकशास्त्राच्या नव्या प्राध्यापकाला काही अडलं तर स्टाफरूममध्ये चार जण असतात. ग्रंथपालाला अडलं तर समोर कपाटं असतात. आपल्या पेशाचं हे दुखणं जुनं आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे परत गेले, की हा एकांत मला सोसवत नाही, मला माझा वर्ग परत द्या. प्राचार्य म्हणाले, आधी इंग्लंडला जाऊन शिकून ये, मग बघू. तिथे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले आणि शंभराच्या वर ग्रंथालयं हिंडून बघितली. एक ग्रंथालय काय करतंय ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, हे त्यांना तिथे दिसलं. परत आले ते आयुष्यभरासाठी ग्रंथपाल होऊन. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं, १९३३ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची कोलन पद्धत. पहिल्या महिन्यातच कंटाळून पळू पाहणारा माणूस तो. त्यांना इतर ग्रंथालयं आणि तिथली माणसं भेटली, आणि ते टिकले.

तुला शंभर नकोत. तू नाशिकमध्ये आहेस, हे विसरू नकोस. सार्वजनिक वाचनालय इथे १८४० पासून आहे. एखाद्या शनिवारी संध्याकाळी तिथे जा, देवघेव विभागाशी थोडी उभी राहा, काम कसं चालतं ते बघ, तिथल्या माणसांशी बोल. कोहाबद्दल विचारायचं असेल तर मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आहे, वेळ मागून घे आणि जा. तालुक्याच्या 'ब' आणि 'क' वर्गाच्या वाचनालयांत माणसं तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं काम करतायत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं फार आहे आणि त्यातली बरीच जण कुठल्याच संकेतस्थळावर नाहीत. तुझ्या निफाडपासून सुरुवात कर.

प्राचार्यांच्या सूचनेबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. 'महिन्याचा वाचक' आणि त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी : अजिबात टाकू नकोस.

आमच्याकडे एक मुलगी यायची, दुसऱ्या वर्षाची. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहे ना, त्यावरचं एक छोटं पुस्तक ती न्यायची. काउंटरवर ठेवताना पालथं ठेवायची, मुखपृष्ठ खाली. मी तारखेचा शिक्का मारून ते तसंच पालथं तिच्या हातात द्यायचे. दोनदा मुदत वाढवून घेतली तिने. एकदाही मी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. शेवटच्या वेळी परत करताना तिने ते सरळ ठेवलं. मी वर बघितलं, ती हसली आणि गेली. त्या वर्षी मी जर सर्वाधिक पुस्तकं नेणाऱ्यांची यादी फळ्यावर लावली असती, तर ते नाव पहिल्या दहांत होतं, आणि तिचे दीर त्याच कॉलेजात होते.

तुझ्याकडे मुलगा नैराश्यावरचं पुस्तक नेतो, अभियांत्रिकी सोडून दुसरीकडे जायची तयारी करणारा परीक्षेची पुस्तकं नेतो. कुणी काय नेलं हे आपल्याला कळतं ते पुस्तक परत यावं म्हणून. ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नसतं. ही आपल्या पेशाची अब्रू आहे. प्राचार्यांना हे सांगताना भांडू नकोस. त्यांना लायब्ररी लोकांना दिसायला हवी आहे, ते रास्तच आहे. त्यांना दुसरं काहीतरी दे. या महिन्यात आलेली नवी पुस्तकं, कपाटाच्या फोटोसह. परीक्षेच्या काळात वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा आहे. देणगीतल्या पुस्तकांपैकी एखादं जुनं, त्याचं शीर्षकपान. फोटोत मूल असेल तर त्याला विचारून, आणि हातातलं पुस्तक न दाखवता. शिवाय लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशाने कायदाच केलाय, हेही नम्रपणे त्यांच्या कानावर घाल. कायद्याचं नाव काढलं की प्राचार्य लवकर ऐकतात, हा माझा अनुभव.

पैसे भरून शोधनिबंध छापणाऱ्यांना उत्तरच देऊ नकोस. आठ दिवसांत निबंध तपासून होत नाही, एवढं तुला-मला पुरे. सत्कारासाठी शुल्क मागणारेही त्याच माळेचे मणी.

तर माझं उत्तर : ठेव. फोनवरचं अ‍ॅप काढून टाक आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी अर्धा तास, संगणकावर बघ. दुसऱ्यांच्या आनंदाच्या पोस्ट वाचून मन कष्टी होत असेल तर ज्यांच्याशी तुझं काम जुळतं तेवढ्यांचंच दिसेल असं कर. मैत्रिणीला नोकरी लागली असेल तर तिला तिथे अभिनंदन लिहिण्यापेक्षा फोन कर.

आणि आता सांगलीकडे. तू त्यांना उत्तर दिलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. माझा अंदाज आहे की दिलं नाहीस, कारण इंग्रजीत काय लिहावं ते सुचलं नसेल. अगं, ते सांगलीचे आहेत. मराठीत लिही. 'धन्यवाद सर' एवढंच नको, पुढे काय झालं ते लिही. त्यांनी बहुधा दोन गोष्टी सांगितल्या असतील : जुन्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलून घ्या, आणि एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करताना साधी सीएसव्ही न निवडता यूटीएफ-८ वाली निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ते तू केलंस की पुढची अडचण येईल, आणि ती कदाचित त्यांनाही आली नसेल. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यातला तो अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून एक, आणि साध्या र ला हलन्त आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह लावून दुसरी. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे. शीर्षकात 'वाऱ्यावर' एका तऱ्हेने असेल आणि वाचकाने दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलं, तर ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीचा संगणकावरचा कॅटलॉग, म्हणणार पुस्तक नाही, आणि पुस्तक समोरच्या फळीवर असणार.

कोहा हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, आणि घेणाऱ्याने कधीतरी परत काही द्यायचं, असा रिवाज त्या शब्दात धरलेला आहे. न्यूझीलंडच्या एका लहान ग्रंथालयासाठी ही प्रणाली तयार झाली आणि त्यांनी ती जगाला फुकट दिली.

तेव्हा तुझ्या दोन हजार नोंदींतले अर्ध्या र चे सगळे शब्द शोधून काढ, सगळे एकाच तऱ्हेचे कर, आणि कसे केलेस ते दहा ओळींत मराठीत लिहून तिथे टाक. आधीचा आणि नंतरचा, शोधाचा एकेक फोटो लाव. वर 'कळवताना अत्यंत आनंद होतो' नको. 'देवनागरी शीर्षकांत ऱ्य, ऱ्हच्या नोंदी सापडत नसतील तर' असा मथळा दे, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडेल. चंद्रपूरला, लातूरला, गडहिंग्लजला तुझ्यासारखंच कुणीतरी एकटं बसलेलं आहे आणि त्यांच्याही पडद्यावर पुस्तक 'नाही' म्हणून येतंय. आणि हे सगळं करायच्या आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने, तारीख घालून ठेव.